निकोडे मॅडमचा सेमीकोलन

रंजिता निकोडेचा डावा हात वर्ध्याच्या त्या कॉलेजात नऊ वर्षांत कुणी धड पाहिला नव्हता. साडीचा पदर ती असा काही लपेटून घ्यायची, की मनगटापुढचं सगळं त्यात गडप. एप्रिलच्या भाजत्या दुपारी, कूलरमधलं पाणी आटलेलं असतानाही पदर जागचा हलायचा नाही. नव्या मुली आपसात म्हणायच्या, निकोडे मॅडम फार जुन्या वळणाच्या आहेत. जुनं वळण कसलं आलंय. पदराखाली एक अंगठा, त्याच्या शेजारचं बोट आणि मधल्या बोटाचं दीड पेर, एवढंच शिल्लक होतं. ते दिसू नये म्हणून ही बाई नऊ वर्षं जिवाचा आटापिटा करत होती.

हात गेला १९९१ साली, अल्लीपूरला. वडील चंद्रभान वांगी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर लावायचे, आई गोपिका बाजारात बसायची. चौदा वर्षांची रंजिता कुट्टीच्या मशीनमध्ये कडबा सरकवत होती, लक्ष कुठे होतं देव जाणे. चाक फिरवणारे चंद्रभान त्यानंतर पुष्कळ वर्षं तिच्या तोंडाकडे बघून बोलले नाहीत. पोरीनं मात्र शाळा सोडली नाही. बी.एस्सी. करता करता हिंगणघाटला टायपिंग शिकायला गेली, तेव्हा तिथल्या मास्तरांनी हात बघून सरळ सांगितलं, करंगळीच नाही तर ए आणि क्यू काय नाकानं दाबणार? ती परत आली. पुढे कॉम्प्युटर आला. त्याची बटणं हलकी होती, एका उजव्या हातानं चालवता येत होती, आणि तिनं तो असा चालवला की दोन हातांची माणसं मागे पडावीत.

एकदा ती जिल्हा रुग्णालयात दाखल्यासाठीही जाऊन आली. डॉक्टरांनी बोटं मोजली, कागदावर गणित केलं आणि अपंगत्व चाळीस टक्के भरत नाही असं लिहून दिलं. म्हणजे अपंगांच्या यादीत नाव नाही, आणि धडधाकटांच्या रांगेत कुणी उभं करत नाही. लग्नाचंही तेच. पाहुणे आले की खणनारळ घ्यायला पदर दोन्ही हातांनी पसरावा लागतो. तिसऱ्या वेळी तो पसरताना पाहुणीची नजर गेली, तेव्हा रंजितानं तो विषयच बंद करून टाकला.

कॉलेजात ती प्रयोगशाळा सहायक होती. अकरा महिन्यांची ऑर्डर, एक महिना खंड, पुन्हा अकरा महिने. मशीनं तयार ठेवायची आणि मुलांना पडद्यावर करून दाखवायचं, हे तिचं काम. २००५ पासून तिथे पायथन शिकवायला सुरुवात झाली. पायथनचा शेल म्हणजे समोरासमोरचं बोलणं असतं: आपण एक ओळ लिहायची, मशीननं लगेच उत्तर द्यायचं. त्यात एक सोय असते. लांबलचक नावाची पहिली दोन-तीन अक्षरं लिहून टॅबचं बटण दाबलं, की उरलेलं नाव मशीन स्वतःच पुरं करतं. सोय चांगली, पण टॅब बसलेली असते की-बोर्डाच्या पार डाव्या टोकाला, डाव्या करंगळीच्या हद्दीत.

आता कुणी म्हणेल, उजवा हात तिकडे न्यायचा, त्यात काय एवढं. न्यायला काहीच हरकत नव्हती, अक्षरांसाठी तो अधूनमधून जातच होता; टॅब मात्र दर ओळीला दोनतीनदा लागते. पण पन्नास डोळे पडद्याकडे आणि बाईंच्या हाताकडे असताना उजवा हात की-बोर्ड ओलांडून डावीकडे गेला, की डावा कुठे आहे असं कुणाच्याही मनात येणार. म्हणजे अडचण बोटांची थोडी आणि भीतीची जास्त होती. रंजितानं आठ दिवस माहितीपुस्तिका चाळली आणि नावं पुरी करण्याचं काम टॅबबरोबर सेमीकोलनलाही देऊन टाकलं. सेमीकोलन, म्हणजे आपला अर्धविराम, उजव्या करंगळीखालीच असतो, आणि पायथनमध्ये त्याची कधी गरज पडत नाही. ही व्यवस्था तिनं फक्त पायथन वाचतो अशा फाईलमध्ये लिहिली, तीही स्वतःच्या खात्यात. तीन वर्षं ती पडद्यासमोर झरझर लिहीत राहिली. मॅडम न बघता लिहितात, एवढंच कौतुक व्हायचं.

२००८च्या मार्चमध्ये सहायकाची कायम जागा निघाली. मुलाखत चोवीस एप्रिलला. ऑफिसातले अण्णाजी बाबू चहा पिता पिता तिला सांगून गेले, की संस्थेच्या सचिवांचं म्हणणं पडलं, माणूस हातापायानं धड पाहिजे, मशीनं उचलावी लागतात. अण्णाजींना बिचाऱ्यांना काही ठाऊक नव्हतं. रंजितानं मान डोलावली, आणि त्या दिवसापासून तिची झोप उडाली. पदराला आतून एक सेफ्टी पिन असायची, आता दोन लागायला लागल्या. जिन्यावर कुणी मागून आलं तरी ती भिंतीला लागून उभी राहायची.

त्याआधी फेब्रुवारीत एक गोष्ट घडून गेली होती. कॉलेजच्या मशीनांची देखभाल गजेंद्र करायचा. पुलगावच्या व्यापारी घरातला, वर्ध्यात दुरुस्तीचं दुकान टाकलेला माणूस. त्यानं नवा सर्व्हर बसवला आणि चोवीसच्या चोवीस मशीनांना एकच सामाईक खातं दिलं. रंजिताचं खातं गेलं आणि त्याबरोबर तिचा सेमीकोलनही. दुसऱ्या दिवशी सकाळी तासाला दहा मिनिटं उरलेली असताना हे तिच्या लक्षात आलं. जुनी, पायथनपुरती वाट नव्यानं बांधायला वेळ नव्हता. जवळची वाट होती: नावाच्या आधी ठिपका असलेली, यादीत न दिसणारी एक फाईल, जी नुसता पायथनच नव्हे तर असले सगळेच शेल वाचतात. तिच्यात एक ओळ टाकली की झालं. तिनं टाकली. पायथन उघडून पाहिला, चाललं. रविवारी बसून नीट करू म्हणाली. कितीतरी रविवार आले नि गेले. मुलांचे डेटाबेसचे तास जानेवारीतच संपले होते, उरले होते ते पायथनचे, आणि पायथनमध्ये सेमीकोलन लागतो कुणाला? कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

सोळा एप्रिलला प्रात्यक्षिक परीक्षा होती. पहिला तास पायथन, दुसरा डेटाबेस. नागपूरहून कुंभलकर मॅडम बाहेरच्या परीक्षक म्हणून येणार होत्या. त्यांचा शेरा विभागप्रमुख देवतळे सरांकडे आणि तिथून मुलाखतीच्या टेबलावर जाणार, हे रंजिताला पक्कं ठाऊक होतं. सकाळी सात वाजता येऊन तिनं एकेक मशीन उघडून पाहिलं. डेटाबेसच्या शेलात जाऊन ‘यूज’ची आज्ञा द्यायची, म्हणजे परीक्षेचं भांडार उघडतं. चोवीस ठिकाणी उघडलं. तिनं वहीत चोवीस बरोबरच्या खुणा केल्या आणि पहिल्यांदा तिला जरा बरं वाटलं.

इथेच बाई चुकली. डेटाबेसच्या शेलात प्रत्येक आज्ञेच्या शेवटी सेमीकोलन द्यावा लागतो. दिला नाही, तर त्याला वाटतं समोरच्याचं बोलणं अजून चाललंय, आणि तो पुढच्या ओळीवर एक बाण दाखवून वाट बघत बसतो. त्याला अपवाद दोनचार आज्ञा, आणि ‘यूज’ ही त्यांतलीच एक. सेमीकोलन नसला तरी ती चालते. रंजितानं चोवीस वेळा नेमकी तीच वापरली.

पहिला तास सुरळीत गेला. दुसऱ्या तासाला पाच मिनिटं होतात न होतात तोच पहिल्या रांगेतल्या मयुरीनं हात वर केला. हुशार पोरगी, पण तिचा चेहरा पांढरा पडला होता.

“मॅडम, हे काही ऐकूनच नाही राह्यलं.”

पडद्यावर तिची आज्ञा होती, आणि खाली बाणाखाली बाण. रंजिता म्हणाली, शेवटी सेमीकोलन द्या. मयुरी म्हणाली, देऊन राह्यली ना मॅडम, आणि तिनं बटण दाबलं. पडद्यावर काही उमटलं नाही. मशीन फक्त बारीक आवाजात किरकिरलं.

तो आवाज रंजिता तीन वर्षं ऐकत होती. पुरं करण्याजोगं नाव सापडलं नाही, की मशीन तसं किरकिरतं.  तोवर मागून दुसरं मशीन किरकिरलं, मग तिसरं, मग खोलीभर सुरू झालं. चोवीस मुलं, चोवीस बाणांच्या रांगा. कुणी बटण जोरजोरानं ठोकत होतं, एक जण रडायच्या बेतात होता. कुंभलकर मॅडम खुर्चीतून उठल्या आणि हा काय प्रकार आहे म्हणून विचारू लागल्या.

रंजिता कोपऱ्यातल्या आपल्या मशीनवर गेली. ती ओळ पुसायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. मग ती वळली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, की सर्व्हर अडकला होता, सगळ्यांनी शेल बंद करून पुन्हा उघडा. मुलांनी उघडले. सेमीकोलन उमटले, कोष्टकं दिसू लागली, खोली शांत झाली. कुंभलकर मॅडमनी वीस मिनिटं वाढवून दिली आणि जाताना, सहायक बाईंनी प्रसंग छान निभावला, असं म्हणूनही गेल्या. 

खोटं बोलायचं असं तिनं ठरवलेलं नव्हतं. पण बोललेलं परत घ्यायलाही ती गेली नाही. देवतळे सरांनी संध्याकाळीच सांगून टाकलं, की गजेंद्रचं काम पहिल्यापासून ढिलं आहे, परीक्षेत सर्व्हर अडकतो म्हणजे काय, सोमवारी पत्र देऊन त्याची देखभाल बंद करू. रंजिता समोर उभी होती. तिनं जमिनीकडे पाहिलं.

गुरुवारी गजेंद्र आला आणि दोन दिवस त्या सर्व्हरपुढे मांडी घालून बसला. वायरी सोडल्या, पुन्हा जोडल्या, पंखा साफ केला, नोंदी वाचल्या. नसलेला दोष सापडणार कसा? शुक्रवारी दुपारी तो घामेजलेला तिच्या टेबलापाशी आला. म्हणाला, माझंच काहीतरी बसवायचं चुकलं असणार, पण काय ते कळत नाही. “तुमी तं इथंच होत्या मॅडम. नेमकं काय झालं, सांगा ना. मी काई पळून जाणारा मानूस नाई.”

“अडकला होता,” रंजिता म्हणाली. पदराखालचा अंगठा तिनं इतका दाबून धरला होता की संध्याकाळपर्यंत त्याला कळ लागली.

रविवारी ती अल्लीपूरला गेली. गोपिका अंगणात पालकाच्या जुड्या बांधत होती. लेकीच्या ताटातली भाकर तशीच राहिलेली बघून तिनं खोदून खोदून विचारलं, तेव्हा रंजितानं सगळं सांगितलं. सेमीकोलन म्हणजे काय ते गोपिकाला समजलं नाही, पण कुणाची चूक आणि कुणाच्या माथी, हे लगेच समजलं. ती जुड्या बांधतच राहिली.

“तू काऊन बोलतं मधात? गुरुवारची मुलाखत होऊ दे. मंग जे सांगाचं ते सांगजो.”

“पत्र उद्या निघते, आई. त्याचं काम जाईन.”

“त्याले दोन हात हायेत. त्याले दुसरं काम भेटते.”

 चंद्रभान ओट्यावर होते, त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही. ते उठून मळ्याकडे निघून गेले. आईचं बोलणं खोटं नव्हतं, हेच वाईट होतं. परतीच्या बसमध्ये रंजितानं ते बोलणं इकडून तिकडून घोळवून पाहिलं. गजेंद्र दोन हातांनी दोन दिवस नसलेला दोष शोधत बसला होता, एवढंच तिला पुन्हा पुन्हा दिसत राहिलं. सर्व्हर आपला असता आणि असं कुणी दुसऱ्यानं केलं असतं, तर आपण त्याला काय काय म्हटलं असतं, याचा विचार ती वर्धा येईपर्यंत करत राहिली.

सोमवारी साडेदहाला ती देवतळे सरांच्या खोलीत गेली. पत्र टाईप होऊन टेबलावर पडलं होतं, सही व्हायची होती. बसा म्हटलं तरी बसली नाही. सर्व्हरला काही झालं नव्हतं, म्हणाली. सामाईक खात्यातल्या फाईलमध्ये मी एक ओळ टाकली होती, तिच्यामुळे सेमीकोलन चालेना. मीच ती नंतर काढली.

सरांना वाटलं ऐकण्यात काही चूक झाली. त्यांनी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा सांगितलं. मग त्यांनी विचारायचं तेच विचारलं, असली ओळ टाकायची गरजच काय पडली? टॅब असताना सेमीकोलन कशाला?

रंजितानं उजव्या हातानं आतल्या दोन्ही पिना काढल्या. दुसरी लवकर निघेना. सर वाट बघत राहिले. मग तिनं पदर मागे घेतला आणि हात पुढे धरला.

सरांनी पाहिलं, आणि पटकन कागदांकडे नजर वळवली. कनवाळू माणूस नव्हता तो. पण जे बोलले ते खरं बोलले: “गुरुवारी मुलाखत आहे, हे तुम्हाला कळतंय ना? हे मला लेखी लागेल, आणि ते फाईलला लागेल. मी लपवून ठेवणार नाही.”

तिनं तिथेच उभ्यानं लिहून दिलं, पाऊण पान. कारणाच्या जागी ‘डाव्या हाताची तीन बोटे तुटलेली आहेत’ असं लिहिलं. एवढं वाक्य तिनं आयुष्यात कधी कागदावर लिहिलं नव्हतं. गजेंद्रचं पत्र सरांनी फाडलं आणि केराच्या डब्यात टाकलं.

गजेंद्रला सांगायलाही ती स्वतःच दुकानावर गेली. तो चांगलाच चिडला. दोन दिवस माझ्या डोक्याचं पार दही करून टाकलं तुमी, म्हणाला, रात्री जेवन गेलं नाई मले. हाताकडे त्यानं ढुंकून पाहिलं नाही. त्याला त्याचे दोन दिवस हवे होते, आणि ते काही ती देऊ शकत नव्हती. सगळं बोलून झाल्यावर मात्र त्यानं विचारलं, की ती ओळ पायथनपुरतीच बांधून ठेवायची सोय त्या फाईलमध्ये असते, वर एक आणि खाली एक ओळ लागते, ते काऊन नाई केलं? ती म्हणाली, दहा मिनिटं होती. दहा मिनिटं, असं म्हणत तो परत आपल्या उघड्या मशीनकडे वळला.

गुरुवारी मुलाखतीला तीन जण होते: सचिव, देवतळे सर आणि विद्यापीठाकडून आलेले एक गृहस्थ. फाईल उघडी होती आणि तिचं पाऊण पान सगळ्यांत वर होतं. रंजिता पदर न लपेटता गेली होती. आता लपेटून उपयोग काय होता. सचिवांनी हाताकडे बघत विचारलं, की या हातानं परीक्षेत गोंधळ झाला, उद्या पुन्हा होणार नाही कशावरून?

 उत्तर तिनं बसमध्ये, जिन्यावर, खोलीत शंभर वेळा तपासून ठेवलं होतं.

“सर, गोंधळ तपासण्यात झाला. मी चोवीस मशीनं ‘यूज’ टाकून तपासली. त्याला सेमीकोलन लागत नाही. एक साधी आज्ञा पुरी लिहून पाहिली असती, तर सकाळी सातलाच कळलं असतं. ही चूक दहा बोटं असती तरी मी केली असती.”

सचिवांना त्यातलं किती उमगलं कोण जाणे. विद्यापीठाचे गृहस्थ मात्र पुढे सरकून बसले आणि त्यांनी विचारलं, आता काय टाकून तपासता? तिनं सांगितलं. मग त्यांनी आणखी विचारलं, सर्व्हरबद्दल, खात्यांबद्दल, आणि वीस मिनिटं तेच चाललं. सचिव मधून मधून घड्याळ बघत होते.

मे महिन्यात यादी लागली. पहिलं नाव अमरावतीच्या एका मुलाचं. रंजिता प्रतीक्षा यादीत, क्रमांक एक. ती फळ्यासमोर उभी राहिली, नाव दोनदा वाचलं आणि प्रयोगशाळेत जाऊन मशीनांवरची धूळ पुसत बसली. जूनमध्ये पुन्हा अकरा महिन्यांची ऑर्डर मिळाली. अमरावतीचा मुलगा येतो, येत नाही, असं तीन महिने चाललं. रोज सकाळी फाटकातून आत शिरताना तिची नजर ऑफिसच्या बाकड्याकडे जायची, तिथे कुणी नवा बसलाय का म्हणून. सप्टेंबरात कळलं, त्याला पुण्याला नोकरी लागली. अण्णाजींनी लिफाफा आणून दिला तो शुक्रवारी. दोन वर्षं परिवीक्षा, मग कायम.

अल्लीपूरला पोचली तेव्हा गोपिका चुलीपुढे होती. तिनं कागद उलटसुलट करून पाहिला, शिक्क्यावरून बोट फिरवलं.

“त्यायनं हात पाह्यला?”

“पाह्यला.”

“मंग?”

“मंग काई नाई. सोमवारी हजर व्हाचं हाय.”